जपानची वाफेवरची रोटरी बर्फगाडी (की ६००) १:८० प्रमाणात: फिरतं चाक, बर्फाच्या भिंती आणि 'किमारोकी'

सांधेवाला

मंडळी, जपानी रेल्वेच्या की ६०० वर्गातल्या वाफेवरच्या रोटरी बर्फगाडीची १:८० प्रमाणातली प्रतिकृती बांधायला घेतली आहे. संच पितळेचा आहे, ॲसिडने कोरलेल्या पत्र्यांचा. जुना आहे, पण पत्रे एकदम स्वच्छ. सूचनापत्र जपानीत असलं तरी आकृत्या इतक्या नेमक्या आहेत की अडत नाही. हा धागा काढतोय तो दोन-तीन गोष्टींवर तुमचं मत हवंय म्हणून, आणि या गाडीबद्दल मराठीत वाचायला जवळजवळ काहीच नाही म्हणूनसुद्धा.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पुढे चौकोनी, रुंद तोंड. त्या तोंडात माणसापेक्षा बरंच मोठं पोलादी चाक, आणि त्याला शंकूच्या आकाराची पोकळ पाती. मागे घरासारखी बंद खोली, तिच्या छपरातून वर आलेलं धुराडं आणि त्यामागे कोळसा-पाण्याचं टेंडर. चाक फिरलं की पात्यांच्या कडा बर्फ कापतात, कापलेला बर्फ पोकळीत शिरतो आणि फेकला जाऊन वरच्या झडपेतून रुळांपासून लांब जाऊन पडतो. झडप डावीकडे किंवा उजवीकडे वळवता येते. चाकही दोन्ही दिशांनी फिरतं, आणि दिशा बदलली की पात्यांच्या कडांवरच्या सुऱ्या आपोआप दुसऱ्या अंगाला झुकतात. माझ्या मते सगळ्या यंत्राची अक्कल त्या सुऱ्यांत साठवलेली आहे.

ही कल्पना मुळात कॅनडाची. टोरांटोतल्या जे. डब्ल्यू. इलियट नावाच्या दंतवैद्याने १८६९ मध्ये फिरत्या चाकाची बर्फगाडी सुचवली. नंतर ऑन्टारियोतल्याच ऑरेंजव्हिल गावचा पिठाच्या गिरणीचा मालक ऑरेंज जल याने ती पुढे नेली, आणि लेस्ली बंधूंनी प्रत्यक्ष गाडी बनवली. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या पॅटरसनच्या कुक कारखान्यात अशा गाड्या बनू लागल्या. १९०१ मध्ये तो कारखाना अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीत, म्हणजे 'अल्को'त विलीन झाला. जपानी सरकारी रेल्वेने १९२३ साली दोन रोटरी मागवल्या त्या अल्कोकडूनच. पुढे तशाच गाड्या जपानात बांधल्या गेल्या आणि तो सगळा ताफा की ६०० वर्ग म्हणून ओळखला गेला.

आता माझा मुद्दा. बहुतेकांकडे ही गाडी काचेच्या कपाटात एकटी उभी असते. सुंदरच दिसते, पण मला ती तशी अपुरी वाटते. तिच्या तोंडाचा आकार, झडप, पुढच्या खिडक्यांची उंची, सगळं समोरच्या बर्फाच्या भिंतीमुळे ठरलेलं आहे. भिंतच नसेल तर पाहणाऱ्याला त्या आकाराचं कारण कुठे दिसणार? म्हणून मला ती बर्फात उभी करायची आहे, चाक फिरतं ठेवायचं आहे आणि जमलं तर खरोखर काहीतरी फेकायला लावायचं आहे. सोबत पुढे-मागे इंजिनं आणि मॅक्ले गाडी (कडेचा बर्फ रुळांच्या मधे ओढणारी) घेऊन पूर्ण किमारोकी, म्हणजे या सगळ्यांची मिळून होणारी बर्फ हटवणारी गाडी, उभी करायची, हे अंतिम ध्येय.

गेजबद्दल, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराबद्दल (१६.५ मिमी ठेवू की १३ मिमी करू), चाकाच्या मोटरबद्दल आणि 'बर्फ' कशाचा करावा याबद्दल सांगा.

---

धुरांडं

फारच आवडता विषय! एक प्राथमिक शंका. बॉयलर आहे, धुराडं आहे, टेंडर आहे, मग मागून ढकलायला इंजिन कशाला? स्वतःच चालत नाही का ही?

---

सांधेवाला

नाही. तिच्या बॉयलरची सगळी वाफ दोन सिलिंडरांमार्फत पुढचं चाक फिरवण्यातच खर्च होते. रुळांवरच्या चाकांना एक थेंबही मिळत नाही, म्हणून मागे स्वतंत्र इंजिन लागतंच. ते एका अर्थी सोयीचंही आहे. बर्फ घट्ट झाला की ढकलायचा वेग कमी करायचा आणि चाक मात्र पूर्ण जोरात ठेवायचं. वाफ एकच असती तर गाडी मंदावली की चाकही मंदावलं असतं. पुढच्या खोलीतला माणूस बर्फ बघून शिट्टी देतो आणि मागच्या इंजिनाचा चालक त्या शिट्टीवर वेग ठरवतो, कारण मागून त्याला समोरचं काहीच दिसत नाही.

---

पितळकाम

सांधेवाला, पात्यांपासून सुरुवात करू नका. पितळी संचात सगळ्यांना आधी चाक बनवायचा मोह होतो, कारण तेच दर्शनी. पण चाक कोणत्या नळकांड्यात बसणार ते नळकांडं आधी गोल आणि काटकोनात बसायला हवं. पत्र्याचा गोल वळवताना एकदम पिळू नका. आधी पत्रा गॅसवर हलका तापवून गार होऊ द्या, मऊ होतो. मग योग्य जाडीच्या दांड्यावर थोडं थोडं वळवा. शिवण खाली येऊ द्या, तिथे ती बर्फात लपते.

डाख देताना दोन वेगळ्या तापमानांना वितळणारे डाख वापरा. मुख्य सांगाडा जास्त तापमानाच्या डाखाने, आणि कड्या, शिड्या, दांडे असले बारीक भाग कमी तापमानाच्या. नाहीतर एक शिडी लावायला जाल आणि शेजारची कोपरापट्टी सुटून हातात येईल. पाती मध्यभागी एकत्र येतात तिथे डाख साचू देऊ नका. आधी प्रत्येक टोकाला कल्हईसारखा पातळ थर द्या, फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायचं रसायन) लावा आणि मग नुसता तापलेला बिट टेकवा. आणि चाक फिरवणार असाल तर धुरा पोलादाचा, बेअरिंग पितळी. पितळेवर पितळ फिरवलं की लवकर झिजतं.

सगळ्यात महत्त्वाचं, काम झाल्यावर फ्लक्स गरम पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने धुऊन काढा. आपल्या हवेत राहिलेला फ्लक्स पावसाळ्यात हिरवा होऊन रंगातून बाहेर येतो.

---

फाटकवाला

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. चाक फिरवण्याच्या मी विरोधात आहे.

छोट्या प्रतिकृतीत हलणारी गोष्ट नजरेला ओढून घेते आणि बाकी सगळं काम फुकट जातं. तुम्ही रिव्हेट, खिडकीच्या चौकटी, धुराड्याची काजळी यांवर महिनोन्‌महिने घालवणार आणि बघणारा फक्त गरगरणाऱ्या चाकाकडे बघणार. त्यात पावडर उडणार म्हणजे गिअरमध्ये जाणार, रुळांवर पसरणार, मागून ढकलणाऱ्या डी५१ इंजिनाच्या दांड्यांमध्ये अडकणार. स्थिर देखावा करा. गाडी भिंतीत अर्धी शिरलेली, झडपेतून बर्फाचा फवारा तारेवर कापूस आणि राळ वापरून गोठवलेला. नीट केला तर तो दृश्याला जास्त प्रामाणिक असतो.

---

सांधेवाला

फाटकवाला, तुमचे स्थिर देखावे मी पाहिलेत, त्यामुळे हे मत हलक्यात घेत नाही. गोठवलेल्या फवाऱ्याबद्दल मात्र शंका आहे. धूर कापसाचा केला तर डोळा तो मान्य करतो, कारण खरा धूरही क्षणभर तरंगत राहतो. फेकलेला बर्फ तरंगत नसतो, कमानीतून जोरात जात असतो. तो थांबवला की वजन निघून जातं. आणि हे यंत्र ज्या ताकदीने बर्फ फेकतं ती ताकदच मला दाखवायची आहे.

---

अपूर्णांक

मोटरचा प्रश्न विचारलात म्हणून हिशेब मांडतो. इथे बरेच जण फसतात.

सोयीसाठी खऱ्या चाकाचा व्यास २.८ मीटर धरू आणि फेऱ्या मिनिटाला १५०. आकडे फक्त हिशेबापुरते आहेत, तुम्हाला मोजमाप मिळालं की तेच वापरा. या आकड्यांनी पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला २२ मीटर येतो. हवेचा अडथळा सोडला तर ४५ अंशांत फेकलेला बर्फ जवळजवळ ५० मीटरवर पडेल.

१:८० मध्ये हे अंतर सुमारे ६२ सेंटिमीटर व्हायला हवं आणि चाक ३५ मिलिमीटरचं. आता चाक मिनिटाला १५० फेऱ्यांनीच फिरवलं तर? टोकाचा वेग सेकंदाला २७-२८ सेंटिमीटर. त्या वेगाने फेकलेली पावडर एक सेंटिमीटरही जात नाही, झडपेच्या ओठावरच पडते. 'प्रमाणात' फेऱ्या ठेवल्या आणि काहीच उडालं नाही, असं अनेकांच्या बाबतीत होतं ते यामुळे. कारण सोपं आहे, आपण गाडी ८० पट लहान केली पण गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही.

अंतर ८० पट कमी असेल तर टोकाचा वेग ८० च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण ९ पट कमी हवा. पण चाकाचा परीघ ८० पट कमी झालेला आहे. म्हणून फेऱ्या उलट ९ पट वाढवाव्या लागतात, म्हणजे मिनिटाला सुमारे १३५०. १:१५० एन स्केलमध्ये हाच गुणक १२ च्या थोडा वर जातो, फेऱ्या साधारण १८४० आणि फेक ३३ सेंटिमीटर.

यातून एक सुरेख गोष्ट निघते. हे दृश्य जास्त वेगाने चित्रित करून ९ पट सावकाश दाखवलं तर चाक, फवारा आणि पडणारा बर्फ तिन्ही खऱ्यासारखे दिसतात. बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चौकटींचं चित्रण असतं. २४० भागिले ९ म्हणजे २७ च्या आसपास. नेहमीच्या गतीने दाखवलं की १:८० साठी जवळपास अचूक बसतं! चित्रपटांसाठी लहान प्रतिकृती चित्रित करणारे लोक हेच गणित वापरत आले आहेत. फक्त त्यावेळी गाडी ढकलायचा वेगही त्याच हिशेबाने ठेवायचा. खरी गाडी ताशी ६ किलोमीटरने जात असेल तर चित्रणासाठी सेकंदाला १९ सेंटिमीटर, आणि नुसतं समोर उभं राहून पाहायचं असेल तर सेकंदाला २ सेंटिमीटर.

डोळ्यांनी पाहताना १३५० फेऱ्या जास्त वाटतील का, असं कुणी विचारेल. सेकंदाला अडीच फेऱ्यांवर खऱ्या चाकाचीही पाती वेगवेगळी दिसत नाहीत, धूसर चकतीच दिसते. त्यामुळे हरकत नाही.

---

पितळकाम

अपूर्णांक, हे प्रिंट काढून कामाच्या टेबलासमोर लावण्यासारखं आहे.

मोटर चाकाच्या थेट मागे, बॉयलरच्या जागी बसेल. त्या बंद खोलीत भरपूर जागा असते आणि बाहेरून काही दिसत नाही. १३५० फेऱ्यांना छोटी कोअरलेस मोटर आणि साधारण पाचास एक गिअर पुरेल. धुऱ्याभोवती जाड नमद्याची चकती घाला, पावडर मागे येणार नाही. आणि त्या भागात तेल अजिबात नको. तेल आणि पावडर मिळून पॉलिशची पेस्ट तयार होते, बेअरिंग खाऊन टाकते.

---

दूरदेशी

मी होक्काइदोत, जपानच्या उत्तरेकडच्या बेटावर, राहतो. हा धागा वाचून राहवलं नाही.

सांधेवाला, तुम्ही जी गाडी बांधताय तिची सख्खी भावंडं इथे उभी आहेत. ओतारूच्या शहर संग्रहालयात की ६०१ आहे. संग्रहालय जुन्या तेमिया स्थानकाच्या आवारात आहे, होक्काइदोतली पहिली रेल्वे १८८० मध्ये जिथून निघाली तिथेच. रोटरीसोबत तिथे रसेल, जॉर्डन आणि मॅक्ले अशा इतर बर्फगाड्याही आहेत. सगळे प्रकार एकाच जागी पाहता येतात आणि कोणाचं काम काय हे लगेच लक्षात येतं.

पण तुमच्या ध्येयासाठी खरं बघायचं ठिकाण नायोरो. तिथल्या कितागुनी संग्रहालयाजवळ अख्खी किमारोकी उभी आहे. पुढे ९६०० वर्गाचं इंजिन ५९६०१, मग मॅक्ले की ९११, मग रोटरी की ६०४, मग डी५१ ३९८ आणि शेवटी गार्डाचा डबा. इंजिनाला जपानीत किकान्शा म्हणतात. इंजिन, मॅक्ले, रोटरी, इंजिन यांची पहिली अक्षरं घेऊन गाडीचं नाव पडलं. ती उभी आहे ते रूळही जुन्या नायोरो मुख्य मार्गाचे, जो मार्ग १९८९ मध्ये बंद झाला. पूर्ण रचना अशी एकत्र राहिलेली दुसरीकडे कुठे पाहायला मिळत नाही. हिवाळ्यात मात्र ती झाकून ठेवतात, त्यामुळे बर्फातला फोटो मिळेल या आशेने कुणी येऊ नये. उन्हाळ्यात या.

ही गाडी इतकी लांबलचक का, हे इथला हिवाळा पाहिल्यावर कळतं. सुरुवातीला रसेल येते. पाचरीसारखं तोंड, बर्फ दोन्ही बाजूंना लोटून पुढे जाते. रोजच्या बर्फाला ती पुरते. पण लोटलेला बर्फ तिथेच रुळांच्या कडेला साचतो. मग जॉर्डन येते, मोठे पंख उघडते आणि तो आणखी बाहेर सारते. दोन्ही बाजूंच्या भिंती उंच झाल्या की एक दिवस असा येतो की बाहेर सारायला जागाच उरत नाही. त्या दिवशी किमारोकी निघते. पहिलं इंजिन मॅक्लेला ओढत नेतं. मॅक्लेचे पंख दोन्ही भिंती खरवडून बर्फ बाहेर नाही, आत रुळांच्या मधे ओढून आणतात, खळ्यात पसरलेलं धान्य दोन्ही हातांनी ओढून रास करावी तसं. त्या राशीत मागून रोटरी शिरते आणि सगळं भिंतीच्या वरून पलीकडे फेकून देते. रोटरीमागे डी५१ असतं, ढकलायला. म्हणजे किमारोकी नुसती वाट मोकळी करत नाही, पुढच्या हिमवर्षावासाठी जागा करून ठेवते.

तुमच्या देखाव्यासाठी यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. मॅक्लेच्या पुढच्या भिंती आणि रोटरीच्या मागच्या भिंती सारख्या दाखवू नका. पुढची वाट अरुंद, भिंती खडबडीत. मॅक्लेच्या मागे भिंत खरवडलेली, सरळ आणि मधे रास. रोटरीच्या मागे वाट रुंद, रूळ जवळपास स्वच्छ आणि एका बाजूच्या भिंतीच्या माथ्यावर नुकताच पडलेला भुसभुशीत थर. एवढा फरक दाखवलात तर एक शब्द न लिहिता सगळं काम कळेल.

---

सांधेवाला

दूरदेशी, शेवटचा परिच्छेद म्हणजे माझ्या देखाव्याचा आराखडाच झाला. मी सगळीकडे सारखी भिंत काढली होती कागदावर, ती आता बदलतो. मनापासून आभार.

---

हिमगंगा

यंत्राबद्दल एवढं लिहिलं गेलं, त्यात माणसांबद्दल थोडं.

या गाड्या येण्याआधी आणि आल्यानंतरही बर्फ उपसण्याचं फार मोठं काम फावड्यांनी होत असे. ३ फेब्रुवारी १९२२ ला होकुरिकु मार्गावर, ओयाशिराझु आणि ओमी या स्थानकांच्या दरम्यान, एका गाडीवर हिमकडा कोसळला. ९० माणसं गेली. त्यातली बहुतेक बर्फ हटवून परत निघालेली होती. जपानच्या समुद्रकिनाऱ्याच्या त्या बाजूला सायबेरियाकडून येणारे कोरडे थंड वारे समुद्रावरून ओल उचलतात आणि डोंगराला आपटून सगळी बर्फाच्या रूपात टाकतात. इइयामा मार्गावरच्या मोरीमियानोहारा स्थानकात १२ फेब्रुवारी १९४५ ला ७.८५ मीटर बर्फ साचल्याची नोंद आहे. तिथे त्या उंचीचा खांब उभा केलेला आहे. दुमजली घर त्याखाली बुडेल.

आणि यंत्रं असूनही बर्फ जिंकला अशाही वेळा आल्या. जानेवारी १९६३ मध्ये निगाता भागात इतका बर्फ पडला की नागाओकात ३१८ सेंटिमीटरचा थर झाला. निगाताहून टोकियोतल्या उएनोकडे निघालेली 'कोशिजी' एक्सप्रेस १०६ तास उशिरा पोचली.

माझी विनंती एवढीच की देखाव्यात माणसं ठेवा. भिंतीच्या माथ्यावर फावडी घेतलेले चार-पाच जण. रोटरीच्या पात्यांना दगड आणि लाकडाचे ओंडके चालत नाहीत, पाती मोडतात. हिमकड्याबरोबर आलेला असला कचरा माणसांनाच आधी काढावा लागे. गाडीच्या मोठेपणाचा अंदाजही माणूस शेजारी असला की येतो.

---

धुरांडं

हिमगंगाताई, हे माहीतच नव्हतं. वाचून सुन्न झालो.

---

कागदी_होडी

बर्फाच्या सामानाबद्दल. मी हिमालयातल्या गावाचा देखावा केला होता, त्या अनुभवावरून सांगते.

भिंतींसाठी थर्माकोलचे जाड तुकडे गरम तारेने कापा. तारेने कापलेला पृष्ठभाग फार गुळगुळीत येतो, तो मॅक्लेच्या मागच्या खरवडलेल्या भिंतीला चांगला. पुढच्या खडबडीत भिंतीसाठी थर्माकोल हाताने तोडा आणि वर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ हात द्या. त्यावर ओलं असतानाच पांढरी रांगोळी चाळणीतून भुरभुरवा. रांगोळी दगडाची भुकटी असते, उजेडात तिचे बारीक कण चमकतात, ते ताज्या बर्फासारखं दिसतं आणि वर्षानुवर्षं पिवळं पडत नाही. तोंडाला मास्क बांधा, ती धूळ फुप्फुसाला वाईट. नुसता पांढरा रंग मात्र कुठेच नको. सावलीच्या बाजूला अगदी किंचित निळसर झाक द्या.

पण हीच रांगोळी फेकण्यासाठी अजिबात वापरू नका. ती जड आणि कडक असते, पाती आणि बेअरिंग दोन्ही घासून काढेल. परदेशी व्हिडिओंत लोक खाण्याचा सोडा वापरतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याचे लगेच गोळे होतात आणि पितळेला, रुळांना तो खराब करतो. मीठ नकोच. साखरेची पूड टाकलीत तर मुंग्यांची रांग लागेल. थर्माकोलचा चुरा हलका असतो, पण घर्षणाने त्यात स्थिर वीज येते आणि सगळा गाडीच्या अंगाला चिकटून बसतो.

फेकायला मला सगळ्यात बरे वाटले ते काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे, बोटीच्या राळेत मिसळतात ते. कोरडे राहतात, गोळा होत नाहीत, भुसभुशीत दिसतात. यालाही मास्क हवाच.

---

अपूर्णांक

> फेकायला मला सगळ्यात बरे वाटले ते काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे

सहमत. फक्त ते इतके हलके असतात की हवेचा अडथळा जास्त होतो आणि ६२ सेंटिमीटर काही जाणार नाहीत. दहा-पंधरा सेंटिमीटर गेले तरी समाधान माना. तेवढं १:८० मध्ये आठ ते बारा मीटर झालं, भिंत ओलांडायला पुरेसं. थोडे जड प्लास्टिकचे बारीक कण मिसळून पाहता येतील. मिश्रण ठरवायला गाडी वापरू नका. जुन्या सीडीच्या डबीचं नळकांडं आणि पुठ्ठ्याचं चाक करून आधी चाचणी घ्या.

---

फाटकवाला

माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण गेजबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

जपानचा मुख्य गेज १०६७ मिलिमीटर. १:८० मध्ये तो १३.३ यायला हवा. पण बाजारातले रूळ १६.५ मिलिमीटरचे, म्हणजे खऱ्यात १३२० मिलिमीटर. जवळपास चोवीस टक्के जास्त रुंद. म्हणून जपानातले काटेकोर लोक १:८० ला १३ मिमी किंवा १:८७ ला १२ मिमी रूळ घेतात. डी५१ समोरून पाहिलं की हा फरक जाणवतो, चाकं बाहेर सरकलेली दिसतात.

रोटरीच्या बाबतीत मात्र मी १६.५ ठेवा म्हणेन. तिचं तोंड रुळांपेक्षा इतकं रुंद असतं की समोरून रूळ दिसतच नाहीत, आणि बाजूने बर्फ. १३ मिमी केलंत तर डी५१ आणि ९६०० दोन्हींची चाकं, दांडे, सिलिंडरांतलं अंतर सगळं बदलावं लागेल. त्यात जेवढे कष्ट जातील तेवढे भिंतींवर घाला.

---

पितळकाम

फाटकवाल्यांशी शंभर टक्के सहमत. एक पुस्ती जोडतो. रोटरी मागून ढकलली जाणार आहे, आणि पुढे बर्फाचा अडथळा. हलकी असेल तर नाक वर उचललं जाऊन पहिल्याच वळणावर रुळावरून उतरेल. पुढच्या बोगीच्या (गाडीखालच्या चाकांच्या सांगाड्याच्या) वर, जितकं खाली बसवता येईल तितकं खाली, शिसं भरा. मासे पकडायच्या गळाची शिशाची वजनं कापून बसतात.

---

धुरांडं

आपल्याकडे अशी गाडी आहे का? काश्मीरमध्ये?

---

फाटकवाला

अशी वाफेवरची रोटरी नाही. काश्मीर खोऱ्यात बनिहाल-बारामुल्ला मार्गावर इंजिनासमोर लोटणारा फाळ लावून बर्फ काढतात, म्हणजे काम रसेलच्या जातीचं. वाफेवरची रोटरी प्रत्यक्ष चालताना बघायची असेल तर अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतलं चामा गाव. तिथल्या कंब्रेस अँड टोल्टेक रेल्वेकडे 'ओवाय' नावाची रोटरी आहे. तीही १९२३ सालचीच, पॅटरसनच्याच कारखान्यातली, आणि तिचा गेजही जपानसारखा अरुंद, तीन फुटी. २०२० मध्ये ती वाफेवर चालवली होती, त्याची चित्रफीत सहज मिळते. सांधेवाला, ती नक्की बघा. जपानी रोटरी वाफेवर चालताना आता दिसणार नाहीत. १९६० पासून डीडी१४ ही डिझेल रोटरी आली आणि तिथून वाफेच्या रोटरीचं काम कमी होत गेलं.

---

सांधेवाला

चित्रफीत पाहिली. एकदा नाही, बऱ्याचदा. एक गोष्ट लगेच टिपली. फवारा सलग नसतो. चाक बर्फात शिरतं तेव्हा तो दाट आणि गडद, मग विरळ, मग पुन्हा दाट. मागचं इंजिन थोडं मागे घेऊन पुन्हा पुढे ढकलतात त्या लयीवर तो चालतो. आणि धूर दोन ठिकाणांहून, रोटरीच्या छपरातून एक आणि मागच्या इंजिनाचा दुसरा, दोघांचे ठोके वेगळे.

विजेचा प्रश्न यातूनच सुटतो असं वाटतं. साध्या डीसीवर गाडी सेकंदाला २ सेंटिमीटरने सरकत असताना रुळांत विजेचा इतका कमी दाब असतो की चाकाची मोटर फिरणारच नाही. त्यामुळे डीसीसी (रुळांतून प्रत्येक गाडीला वेगळी सूचना देणारी डिजिटल पद्धत), आणि रोटरीला त्या सूचना वाचणारा स्वतःचा डिकोडर, स्वतःचा पत्ता. डी५१ला दुसरा. एका हाताने ढकलायचं, दुसऱ्या हाताने चाकाचा वेग. प्रत्यक्षातही दोन वेगळे चालकच ते करत होते.

तर ठरलं ते असं. गेज १६.५ मिमी. सुरुवातीला फक्त रोटरी आणि डी५१, भिंती दूरदेशींनी सांगितल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने बदलत जाणाऱ्या. मॅक्लेसाठी पुढे जागा राखून, म्हणजे नंतर ९६०० आणि ती आली की देखावा न तोडता बसतील. माथ्यावर माणसं, हिमगंगाताईंच्या विनंतीप्रमाणे, आणि त्यांच्या बाजूला झडप कधीच वळवायची नाही.

---

दूरदेशी

फार छान. रंगाबद्दल एक. संग्रहालयातल्या गाड्यांना आता ताजा काळा रंग असतो, तो जसाच्या तसा उतरवू नका. कामातल्या गाडीत बर्फाने पात्यांच्या कडा आणि तोंडाच्या आतल्या भिंती घासून उघडं पोलाद दिसायचं. काम थांबल्यावर त्याच जागी लगेच गंज धरायचा. म्हणजे तोंडात आत चकचकीत, खाचांत तांबूस, आणि छपरावर काजळी व गोठलेलं पाणी. खिडक्यांच्या काचांवर आतून वाफ धरलेली दाखवा, बॉयलर आतच आहे. पुढच्या उन्हाळ्यात नायोरोला गेलो की तोंडाच्या आतले, झडपेच्या बिजागरीचे आणि टेंडरच्या जोडाचे फोटो मोजपट्टी धरून काढून इथे टाकेन. आणखी कुठला कोन हवा असेल तर आत्ताच लिहून ठेवा.

---

पितळकाम

सुऱ्यांच्या बिजागऱ्या! शक्य तितक्या जवळून, दोन्ही बाजूंनी. संचात त्या नुसत्या कोरलेल्या रेषा आहेत, आणि मला त्या खरोखर झुकणाऱ्या करून बघायच्या आहेत.

---

सांधेवाला

माझ्याकडून झडप वळवायच्या दांड्याचा फोटो. तो छपरावरून आत कुठे जातो हे कुठल्याच चित्रात दिसत नाही. आणि जमलं तर पुढच्या खोलीच्या खिडकीतून बाहेर, चाकाच्या दिशेने.